चालू करू का?

डायलिसिसच्या खोलीत दुपारी जशी झोप असते तशी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आठ खाटा, आठ मशिनी, खिडक्यांना हिरवे पडदे. पडद्यातून येणारं ऊन हिरवट होऊन पांघरुणांवर पडलेलं असतं. पांघरुणं भर उन्हाळ्यातही लागतात, कारण रक्त अंगाबाहेर फिरून परत येतं तोवर माणसाला हुडहुडी भरते. मशिनी एका सुरात घूं घूं करत असतात. कोणी घोरतंय, कोणी अर्धवट जागं, कोणी झोपेतच ओठ चाटतंय. खाली रस्त्यावर रिक्षावाल्यांची भांडणं चाललेली असतात, पण ती काचेपलीकडून इतकी बारीक ऐकू येतात की तीही कोणाच्या तरी स्वप्नातली वाटावीत. या खोलीत माझी सगळी नोकरी झाली. गेल्या वर्षी निवृत्त झाले. अजूनही दुपारी डोळा लागला की कानात ती घूं घूं सुरू होते, आणि कोणाच्या तरी मशिनीचा अलार्म वाजला म्हणून मी ताडकन उठते. वाजत असतो आमचा कुकर.

मी डायलिसिस टेक्निशियन. पेशंट मला कोणी सिस्टर म्हणायचे, कोणी ताई. नाशिकमधली अर्धी म्हातारी माणसं मला ओळखतात ती 'ती फटकळ ताई' म्हणूनच. फटकळ आहेच मी. पण माझी सुई दुखत नाही असं तीच माणसं सांगायची, आणि आमच्या धंद्यात याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

काम काय, ते थोडक्यात सांगते. दोन्ही किडन्या बंद पडल्या की रक्तातली घाण आणि अंगातलं जास्तीचं पाणी मशिनीने काढावं लागतं. त्यासाठी ऑपरेशन करून हातातली एक धमनी आणि एक शीर जोडतात. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आतून सारखी थरथर लागते. कान लावला तर गुणगुणही ऐकू येते. थरथर आहे म्हणजे जोड चालू आहे. मग दोन जाड सुया टोचायच्या. एकीतून रक्त मशिनीत, दुसरीतून साफ होऊन परत अंगात. चार तास पडून राहायचं. आठवड्यातून दोनदा, नाहीतर तीनदा. नवी किडनी बसेपर्यंत, आणि ती मिळाली नाही तर जन्मभर.

हे जन्मभर मात्र आमच्या खोलीत कोणी उच्चारत नसे. सगळे सण सांगायचे. पेशंटने विचारलं, "कधी सुटायचं हे?" की मुलगा म्हणणार, "गणपती होऊन जाऊ दे, मग बघू." गणपती झाले की दसरा. मग संक्रांत. मग आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. घरोघरी हीच रीत, त्यात खोटं बोलतोय असं कोणालाच वाटायचं नाही. आम्हीही त्यात माना डोलवायचो. नवा पेशंट आला की आमचा मावशीवर्गसुद्धा हळूच विचारून घ्यायचा, "यांना कोणता सण सांगितलाय?" नाहीतर बोलण्यात घोटाळा व्हायचा.

दुसरी गोष्ट तहान. किडनी बंद म्हणजे लघवी बंद, म्हणजे प्यायलेलं पाणी अंगातच साठणार आणि शेवटी फुप्फुसात शिरणार. म्हणून दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी, तेही चहा-वरणासकट. नाशिकच्या उन्हाळ्यात! त्यामुळे आमच्या खोलीत सगळ्यांना स्वप्नं पडायची ती पाण्याचीच. उठल्यावर पट्टी बांधता बांधता मला सांगायचे. येवल्याचे एक विणकर होते, त्यांना रेशीम धुवायचं टाकं दिसायचं, आणि स्वप्नात ते रेशीम बाजूला सारून ते पाणी प्यायचे. "रंगाचं पाणी हो ताई, पण काय गोड!" म्हणायचे. देवळाली कॅम्पचे हवालदार काका स्वप्नात कमरेएवढ्या नदीतून तोफ ओढत असायचे आणि वरचा साहेब त्यांना पाणी प्यायला थांबू देत नसे. कधी कधी वाटायचं, आठही जणांची स्वप्नं मिळून एकच मोठं तळं आहे, आणि मी त्याच्या काठावर सुया घेऊन फिरते आहे.

हे हवालदार काका आमच्या खोलीची करमणूक. तोफखान्यात कान गेलेले, त्यामुळे बोलणं सगळं परेडच्या मैदानावरचं. माझी एक जुनी सवय होती. हातावर बोटं ठेवून थरथर बघायची आणि सुई टोचायच्या आधी म्हणायचं, "चालू करू का?" शिकाऊ असताना आमच्या मोठ्या सिस्टरांनी लावलेलं वळण. कोणी म्हणायचं "करा", कोणी नुसती मान हलवायचं. हवालदार काका ओरडायचे, "फायर!" नवीन पेशंट दचकायचे. खरं सांगायचं तर तो प्रश्न नव्हताच. आपण दारातून "येऊ का?" म्हणतच आत शिरतो ना, तसं ते होतं. प्रश्न तोंडातून निघेपर्यंत सुईचं टोपण निघालेलं असायचं.

या प्रश्नाला पहिलं खरं उत्तर दिलं ते ठकूबाईंनी.

ठकूबाई मखमलाबादच्या. घरचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, गलांडा, निशिगंध. लग्न होऊन आल्यापासून पहाटे फुलं तोडायची आणि पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीच्या फुलबाजारात बसायचं, हेच त्यांनी केलेलं. मालक लवकर गेले. एकुलता मुलगा रावसाहेब, मळा तोच बघायचा. टेम्पोत फुलं उतरवून झाली की आईला आमच्याकडे सोडायचा. तो गेला तरी खाटेभोवती निशिगंधाचा वास मागे राहायचा. फुलं आत आणायला आमच्याकडे बंदी आहे, पण वासाला कोण अडवणार?

पहिल्यांदा फिस्टुलावर त्यांचंच बोट ठेवून मी त्यांना थरथर दाखवली, तेव्हा हसल्या. "आगं बाई! भुंगा बसलाय जनू हातात." तेव्हापासून मी सुरुवात करताना विचारायची, "भुंगा काय म्हणतोय?" त्या सांगायच्या, "लय गुनगुन करतोय, झोपू देत नाय." आणि मशीन लागलं की लगेच झोपायच्या. त्यांचं स्वप्न ठरलेलं. पाटाला पाणी आलंय, त्या अनवाणी सरीत उभ्या आहेत, हातात फावडं, आणि पाणी शेवंतीच्या एकेका वाफ्यात वळवत चालल्या आहेत. "पाय असे गार पडत्यात ना ताई," म्हणायच्या, "का उठूच वाटत नाय."

रावसाहेबने त्यांना आधी दसरा सांगितला होता. मग संक्रांत, मग आखाजी, आणि मग पुन्हा दसरा. दरम्यान ठकूबाई विरघळत चालल्या होत्या. मशीनच्या दिवशी मशीन. दुसरा दिवस नुसतं पडून काढायचा, कारण अंगात त्राणच नसायचं. तिसऱ्या दिवशी जरा बांधापर्यंत जाऊन यावं तर पुन्हा गाडीत बसायची वेळ. हृदयही कमजोर झालेलं, त्यामुळे किडनी बदलण्याचा विषय डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात मिटवला होता.

तो दुसरा दसरा झाला. फुलवाल्यांचा दसरा म्हणजे घरातलं कोणी दोन दिवस पाठ टेकत नाही. दसऱ्यानंतर ठकूबाई आल्या त्या वजनकाट्यावरून उतरून खाटेवर नीट मांडी घालून बसल्या. मी हात पुढे घेतला, बोटं ठेवली, टोपण काढलं आणि म्हटलं, "चालू करू का?"

"नको," ठकूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, हात अवघडलाय. म्हटलं, "उशी देऊ का खाली?"

"उशी नको. मशीन नको."

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"यड लागलं आसतं तर 'कर' म्हनले आसते," त्या शांतपणे म्हणाल्या. "दसरा झाला ना ताई. आता कोनता सन सांगायचं ठरलंय तुमचं?"

माझ्या हातात उघडी सुई. शेजारून हवालदार काकांचा आवाज आला, "काय म्हणतीय म्हातारी?" खोलीतली सगळी झोप उडाली. मी सुई परत ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं.

रावसाहेब खाली टेम्पोत होता, निरोप मिळताच तोही धावत आला. "डॉक्टर, तिचं ऐकू नका. रक्तातलं वाढलं का मानूस काहीबी बोलतं, तुम्हीच सांगितलं व्हतं. तिला कळत नाय. लावा तुम्ही मशीन, मी धरतो हात." आणि खरंच त्याने आईचा हात धरला. ठकूबाईंनी ओढून घेतला नाही. नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्यानेच सोडला.

आमचे डॉक्टर एरवी घाईतले. त्या दिवशी मात्र स्टूल ओढून बसले. रावसाहेबला म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. घाण मेंदूत चढली की माणूस भ्रमात बोलतो. म्हणून मी आधी तेच बघणार." मग त्यांनी ठकूबाईंना वार विचारला, गाव विचारलं, काल काय खाल्लं ते विचारलं. घरी कोणी बोलतं का, खर्चाची काळजी वाटते का, सुया फार दुखतात का, मन उदास असतं का, हेही विचारलं. ठकूबाई सगळ्याला नीट उत्तरं देत गेल्या. सून चांगली आहे. उपचार सरकारी योजनेत आहेत. सुईबद्दल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिच्या हाताला कळत बी नाय." तसल्या प्रसंगातही मला बरं वाटलं, काय सांगू!

"मशीन बंद केलं तर काय होईल, ते तुमच्या शब्दांत सांगा," डॉक्टर म्हणाले.

"अंगात घान साठंल. पाय सुजतीन. गुंगी यील. मंग एक दिस उठायची नाय." जरा थांबून त्यांनी विचारलं, "खरं हाय ना? आन् मशीन करत राह्यले तर बरी व्हईन का कधी?"

दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी हे सणाचं नाव न घेता विचारलं होतं. डॉक्टरांनी रावसाहेबकडे पाहिलं. रावसाहेबने मान खाली घातली. "नाही आजी," डॉक्टर म्हणाले. "किडनी परत चालू होणार नाही. मशीन आहे तोवर तुम्ही आहात. बंद केलं तर एखाद-दोन आठवडे, नक्की सांगता येत नाही."

"मंग झालं तर," ठकूबाई म्हणाल्या. "मी मरायला नाय चालले रं, रावसाहेब. घरी चालले. फुलं बघीन, पोटभर पानी पिईन. हितं झोपूनशान सपनात किती दिस पिऊ?"

रावसाहेब भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. डॉक्टर उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शुद्धीवर असलेलं, सगळं समजलेलं माणूस नको म्हणत असेल, तर त्याच्या अंगाला सुई लावायचा मला अधिकार नाही. तुम्हालाही नाही. पण मी परवा पुन्हा विचारणार आहे. आणि मत बदललं तर कधीही या, ही खाट तुमचीच."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ठकूबाई आल्या तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मग त्यांनी दम लागला तर काय द्यायचं, कसं बसवायचं, कोणाला फोन करायचा, हे रावसाहेबला समजावलं. उपचार नको म्हटलं म्हणजे डॉक्टरने पाठ फिरवायची असं नसतं, हे मीसुद्धा तेव्हाच नीट पाहिलं. पाण्याचं पथ्य त्यांनी काढून टाकलं. एवढंच सांगितलं, घोट घोट प्या, एकदम पिऊन धाप लावून घेऊ नका.

हवालदार काका मात्र भयंकर चिडले. "ही पळपुटी आहे! मोर्चा सोडून जाते म्हणजे काय? माझी दोन वेळा छाती भरली, आलो की परत! मला जगायचंय, शंभर वर्षं लाव मला मशीन!" सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. ठकूबाई जाताना त्यांच्या खाटेशी थांबल्या आणि त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाल्या, "तुमाला जगायचंय तर जगा की बाबा! मी कुठं तुमची सुई काढाया आले?" खोलीत हशा पिकला. काकाही हसले, पण मग त्या दिवशी चार तासांत त्यांचा डोळा काही लागला नाही.

सुट्टीच्या दिवशी मी मखमलाबादला गेले. पेशंटच्या घरी जायची माझी पद्धत नाही. का गेले, विचारू नका. मला करमत नव्हतं.

मळ्यातच, शेवंतीच्या कडेला, जांभळीच्या सावलीत खाट टाकली होती. दिवाळीची फुलं भरात आलेली. पांढरी आणि पिवळी शेवंती नजर पोचेल तिथवर, त्यावर दुपारचं ऊन, आणि सगळीकडून मधमाश्यांची गुणगुण. मी क्षणभर थबकले. डोळे मिटले असते तर आमचीच खोली वाटली असती.

ठकूबाईंचे पाय सुजले होते, डोळे जड झाले होते, पण मला ओळखलं. "आली का माझी ताई?" मी सवयीने त्यांच्या हातावर बोटं ठेवली. थरथर होती. "भुंगा काय म्हणतोय?" मी विचारलं.

"फुलं दावली त्याला," त्या म्हणाल्या. "आता निवांत हाय."

भाऊकीतली माणसं भेटायला येत होती. लांबून येऊन बसायची, आणि उठताना कोणीतरी पुटपुटायचंच, की रावसाहेबने आईला मशीनवरून उतरवलं. रावसाहेब बांधावर उभा राहून ते ऐकायचा आणि काळाठिक्कर पडायचा. ठकूबाईंची गुंगी मात्र अशा वेळी बरोबर उतरायची. "ए, हिकडं बस," त्या म्हणायच्या. "मला इच्यारलं, मी नको म्हनले. मी. माझ्या लेकाला कोनी बोल लावला ना, तर भूत व्हऊन तुमच्या मळ्यात यीन, एक कळी धरू द्यायची नाय." माझ्यासमोर दोघा-तिघांना त्यांनी हे ऐकवलं, आणि मग दमून डोळे मिटले.

थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाल्या, "रावसाहेब, पाटाला पानी आलं का रं?"

रावसाहेबने माझ्याकडे पाहिलं. "ताई, पाट बुजून किती वर्षं झाली. ठिबक हाय आता समदं." मग तो एकदम उठला. मोटार चालू केली, जाड पाइप ओढत आणला आणि खाटेखालच्या सरीत सोडला. कोरड्या मातीतून पाणी सळसळत आलं. त्याने आईला उचलून बसतं केलं आणि तिचे सुजलेले पाय त्या पाण्यात सोडले. पायाची बोटं चिखलात हलत होती.

मग तो तांब्या भरून घेऊन आला आणि तिच्या ओठाला लावायला लागला. तिने तोंड बाजूला केलं.

"आसं नाय," म्हणाली. "आधी इच्यार."

"काय विचारू आई?"

त्याला कळेना. मला कळलं. म्हटलं, "विचारा त्यांना. देऊ का, म्हणून."

रावसाहेब सरीत गुडघ्यावर बसला. "आई," तो म्हणाला, "पानी देऊ का?"

ठकूबाईंनी शेवंतीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. तांब्यातून थेंब थेंब त्याच्या मनगटावर गळत होतं. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"दे," त्या म्हणाल्या.

आणि घोट घोट, अख्खा तांब्या प्यायल्या.

दिवाळीच्या आधी ठकूबाई गेल्या. रावसाहेबने फोन केला. झोपेतच गेल्या, दम लागला नाही, म्हणाला. त्या दिवशी मळ्यातलं शेवंतीचं एकही फूल त्याने बाजारात नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. हवालदार काका खाटेवर तयारच होते. मी पट्टा बांधला, थरथर पाहिली आणि विचारलं, "चालू करू का?"

'फायर' आलं नाही. काकांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथे आता दुसरं कोणी झोपलं होतं. मग खिडकीकडे पाहिलं, पडद्याच्या फटीतून जेवढं आभाळ दिसत होतं तेवढं.

"थांब जरा," ते म्हणाले. आवाज खाली, त्यांचा वाटेना असा. "मला पण नीट विचारलंय ना?"

"नीट विचारलंय, काका."

त्यांनी वेळ घेतला. मी उभी राहिले. मशीन घूं घूं करत होतं, खोली हळूहळू झोपेत चालली होती, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.

"कर," काका म्हणाले. "मला पाहिजे."

मग मी ट्रेमधली सुई उचलली.